झाकलेला गोल कुठे गेला? आकारांच्या खेळातून लहान मुलांची स्मृती घडवताना

आकारांचा डबा लहान मूल असलेल्या घरी हमखास येतो. झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं आणि त्यांतून आत टाकायचे ठोकळे. दीड वर्षाच्या मुलापुढे तो ठेवला तर त्याला लक्षात काय ठेवावं लागतं? जवळजवळ काहीच नाही. ठोकळा हातात असतो, भोक डोळ्यांसमोर असतं. जमेना, तर मूल ठोकळा दुसऱ्या भोकावर, मग तिसऱ्या भोकावर दाबून बघतं आणि कधीतरी तो आत पडतो. यातून हाताला वळण लागतं, आकार ओळखीचे होतात. तेही हवंच. स्मृतीला मात्र काम पडतं ते ठोकळा किंवा त्याची जागा, यांपैकी एक गोष्ट नजरेआड झाल्यावर.

म्हणून इथल्या प्रत्येक खेळात काहीतरी झाकायचं आहे. झाकणं आणि शोधणं यांच्यामधलं अंतर हळूहळू ताणत नेणं, एवढंच यातलं खरं काम. साधारण १५ महिने ते ३ वर्षं या वयासाठी हे खेळ आहेत. लागणारं सगळं सामान पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांतून आणि स्वयंपाकघरातल्या वाडग्यांतून निघतं.

कोणती स्मृती?

मागच्या दिवाळीला काय झालं ते आठवणं ही वेगळी स्मृती. आपण बोलतोय ती काही सेकंदांची. मोबाइलवर आलेला ओटीपी दुसरीकडे टाइप करेपर्यंत आपण तो डोक्यात धरून ठेवतो आणि लगेच सोडून देतो. ही वर्किंग मेमरी, कार्यरत स्मृती. ‘चप्पल काढ आणि हात धू’ या सूचनेतला दुसरा भाग पहिला पूर्ण होईपर्यंत धरून ठेवायला मुलाला हीच लागते.

बाळामध्ये ती फार तोकडी असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलेली एक चूक प्रसिद्ध आहे. वस्तू एका फडक्याखाली दोनतीनदा लपवली आणि मग बाळाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या फडक्याखाली ठेवली, तरी ८ ते १२ महिन्यांचं बाळ पहिल्याच जागी हात घालतं. मानसशास्त्रज्ञ एडेल डायमंड यांनी १९८५मध्ये हे वेळ मोजून पाहिलं. साडेसात महिन्यांच्या बाळाला जेमतेम २ सेकंद थांबवलं तरी चूक होते. तेच बाळ वर्षाचं होईपर्यंत चूक व्हायला १० सेकंदांहून जास्त थांबवावं लागतं. म्हणजे महिन्याला सरासरी २ सेकंदांची वाढ. १९०८च्या बिने-सिमाँ या बुद्धिमापन चाचणीत ३ वर्षांच्या मुलाकडून ऐकलेले फक्त दोन अंक परत म्हणण्याची अपेक्षा होती. तेव्हा दोन वर्षांच्या मुलापुढे पाच आकार ठेवून ‘कोणता गेला?’ विचारणं म्हणजे त्याला हरवायला बसणंच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मनातल्या मनात घोकून लक्षात ठेवण्याची युक्ती मुलांना आपणहून सुचायला लागते ती साधारण ७ वर्षांच्या सुमारास. ‘नीट लक्षात ठेव हं!’ हे दोन वर्षांच्या मुलाला सांगून काही उपयोग नाही. त्याला ते करायचं कसं हेच ठाऊक नसतं. आपल्याला फक्त खेळाची मांडणी बदलता येते.

सामान: आकार आणि पाटी

तीन आकार पुरतात: गोल, चौकोन, त्रिकोण. चांदणी, बदाम, लंबगोल नंतर. प्रत्येक आकाराचे दोन नग करा, एक दाखवायला आणि एक शोधायला.

पन्हाळीचा साधा तीन पदरी पुठ्ठा, म्हणजे कुरिअरच्या खोक्याचा, साधारण ३ मिमी जाड असतो. मापं अशी:

- गोल: व्यास ८ सेंमी. पाटीवरच्या भोकाचा व्यास ८.६ सेंमी.
- चौकोन: बाजू ७ सेंमी. भोकाची बाजू ७.६ सेंमी.
- त्रिकोण (तिन्ही बाजू सारख्या): बाजू ९ सेंमी. भोकाची बाजू १० सेंमी.
- पाटी: ३९ × १५ सेंमी, तीन थर. खालचा थर सलग, वरच्या दोन थरांत भोकं.
- प्रत्येक नगाला चार थर.

भोक ६ मिमी खोल आणि नग १२ मिमी जाड झाला की नग पाटीच्या वर ६ मिमी उरतो आणि छोट्या बोटांना धरता येतो. धरायला बाटलीचं झाकण चिकटवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ते करू नका, सुटून आलं की ते थेट तोंडात जातं.

ही मापं उगाच विचित्र नाहीत. गोलाचा व्यास आणि चौकोनाची बाजू सारखीच ठेवली, तर गोल चौकोनाच्या भोकात आरामात बसतो. मूल तो तिथे ठेवतं आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. चूक मापाची असते. गोल ८ चा आणि चौकोन ७ चा केला की दोन्ही एकमेकांच्या भोकात जात नाहीत. त्रिकोणाच्या भोकाची बाजू ९.६ न ठेवता १० सेंमी ठेवली आहे, कारण तिन्ही कडांना ३ मिमीची मोकळीक हवी असेल तर त्रिकोणाची बाजू जवळपास १ सेंमीने वाढवावी लागते. कमी वाढवली की कोपरे अडकतात.

थर चिकटवताना एका थराच्या पन्हाळी उभ्या तर पुढच्याच्या आडव्या येऊ द्या. सगळ्या एकाच दिशेला आल्या तर नग वाकतो. फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, वर जड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि झुरळंही लागतात.

सगळे नग एकाच रंगाचे ठेवा. विकतच्या खेळण्यांत नेमकी हीच गडबड असते: गोल लाल, चौकोन निळा, त्रिकोण पिवळा. मग मूल ‘लाल’ लक्षात ठेवतं, आकाराकडे बघतही नाही. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या कापडाच्या खोळी शिवून नगांवर घट्ट बसवल्या तर रंगाचा प्रश्नही सुटतो आणि पुठ्ठाही टिकतो. पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळू नका. तिचं टोक आठवडाभरात सुटतं आणि मूल ते चावायला लागतं. सगळंच तोंडात घालणाऱ्या मुलासाठी सुताराकडून १२ मिमी जाडीच्या भरीव लाकडाचे नग कापून आणा. ते आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि रंग न देता तसेच वापरा.

सुरक्षिततेचा नियम साधा आहे: सव्वा इंच, म्हणजे साधारण ३२ मिमी व्यासाच्या नळीत जे मावतं ते ३ वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. चिंचोके, सागरगोटे, शेंगदाणे, बटणं, गोट्या या सगळ्या वस्तू इथेच बाद होतात. चुंबक लावलेले आकार आणि बटणासारख्या सेलवर चालणारी खेळणी तर घरात उघडी पडूच देऊ नयेत. विकतचं खेळणं घेतलंत तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

झाकायला एकसारखे तीन अपारदर्शक वाडगे लागतील, तोंडाचा व्यास ११ ते १२ सेंमी. आमटीची नेहमीची वाटी लहान पडते, त्रिकोणाचं टोक बाहेर डोकावतं. स्टीलचे असतील तर खाली घडी घातलेली चादर अंथरा. नाहीतर ‘टण्ण’ आवाज कुठून आला त्यावरून मूल बरोबर वाडगा उचलतं आणि आपल्याला वाटतं, त्याला आठवलं.

झाकण्याआधी

पहिले काही दिवस काहीच झाकायचं नाही. पाटी आणि तीन नग समोर ठेवा. ओतणं, फेकणं, एकावर एक आपटणं हे दीड वर्षाच्या मुलाचं पहिलं काम आहे, ते होऊ द्या. नग हातात घेतल्यावर मूल थेट योग्य भोकाकडे जायला लागलं, म्हणजे पाचपैकी चार वेळा तरी पहिल्याच प्रयत्नात, की आकार त्याच्या ओळखीचे झाले. ही ओळख पक्की नसताना झाकाझाकी सुरू केली तर मूल आकार ओळखण्यात चुकलं की आठवण्यात, हे आपल्याला कळत नाही.

नावं शिकवायची एक जुनी तीन पायऱ्यांची रीत आहे. ती फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांची. माँटेसरी यांनी ती उचलली आणि बालवाड्यांमधून सगळीकडे पोचवली. पहिली पायरी: ‘हा गोल.’ दुसरी: ‘गोल दे बरं.’ तिसरी: नग दाखवून ‘हे काय?’ पहिल्या दोन पायऱ्यांवर खुशाल महिनाभर रेंगाळा. तिसरीची घाई केली की खेळाची तोंडी परीक्षा होते. पाहुण्यांसमोर तर ती घेऊच नये. याच सेगँ यांच्या नावाची दहा आकारांची लाकडी पाटी आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ आजही मुलांच्या तपासणीत वापरतात.

खेळ १: एक वाडगा

१५ ते १८ महिन्यांच्या मुलांसाठी. गोल खाली ठेवा, वाडग्याने अर्धा झाका, मुलाला काढू द्या. दोनतीन दिवसांनी पूर्ण झाका. वाडगा उचलून मूल हसलं की पुढे जायला हरकत नाही. यापेक्षा जास्त यात काही नाही.

खेळ २: दोन वाडगे

इथून खरी सुरुवात. मुलासमोर जमिनीवर बसा. दोन वाडगे एकमेकांपासून हातभर दूर, पण मुलाच्या दोन्ही हातांना सारख्याच अंतरावर.

१. गोल दाखवा. मुलाची नजर त्यावर आली की मगच हलवा.
२. सावकाश एका वाडग्याखाली ठेवा. दुसराही वाडगा उचलून तसाच परत ठेवा, म्हणजे फक्त हालचाल झाली तिथे हात घालायचा, ही सोपी वाट बंद होते.
३. दोन्ही वाडगे आपल्याकडे ओढून घ्या, मुलाचा हात पोचणार नाही इतके. मनात ‘एक, दोन’ म्हणा.
४. दोन्ही एकदम पुढे सरकवा आणि विचारा, ‘गोल कुठे?’
५. पहिला उचललेला वाडगा हेच उत्तर.

चुकलं तर दुसरा वाडगा लगेच उचलू देऊ नका. तसं केलं की मूल शिकतं: एक नाही तर दुसरा, आठवायची गरजच काय? दोन्ही वाडगे शांतपणे परत ठेवा, बरोबर वाडगा तुम्ही उचलून दाखवा, ‘इथे होता बघ’, आणि त्याच जागी पुन्हा ठेवून या वेळी अजिबात न थांबता विचारा. त्याला तो सापडायलाच हवा. नंतरच्या डावात पुन्हा २ सेकंद.

थांबण्याचा वेळ २, ५, मग १० सेकंद असा वाढवा. जागा ठरावीक क्रमाने बदलू नका. डावा-उजवा-डावा-उजवा केलं तर काही मुलं तो क्रमच पकडतात. एकाच जागी सलग दोनदा, क्वचित तीनदा लपवून मग बाजू बदला. नेमकी ही बदलायची वेळच मोलाची आहे, कारण हाताची सवय एका बाजूला ओढत असते आणि आत्ताच पाहिलेलं दुसऱ्या बाजूला.

थांबण्याच्या वेळात मुलाकडे नीट बघा. पुष्कळ मुलं बरोबर वाडग्याकडे अंग झुकवून किंवा बोट रोखून बसतात. ही लबाडी नव्हे, ते शरीराने लक्षात ठेवत असतात. सुरुवातीला तसं करू द्या. ५ सेकंद सहज जमायला लागले की मध्ये एक टाळी वाजवा किंवा ‘नाक कुठे?’ विचारा. अंग सरळ होतं, नजर सुटते आणि आता जागा डोक्यात धरावी लागते. हा छोटासा व्यत्यय १० सेकंदांच्या शांत थांबण्यापेक्षा कठीण असतो, म्हणून व्यत्यय आणला त्या दिवशी वेळ परत २ सेकंदांवर आणा.

पुढे तीन वाडगे. त्यानंतर, दोन वर्षं उलटल्यावर, लपवून झाल्यावर मुलाच्या डोळ्यांदेखत दोन वाडग्यांच्या जागांची अदलाबदल. यात डोक्यात धरलेली जागा बदलून घ्यावी लागते आणि ते खूपच अवघड आहे. फार सावकाश करा, एकदाच करा.

खेळ ३: ‘यासारखा आण’

या सगळ्यांत आकाराला खरं महत्त्व आहे ते या खेळात. दोन वर्षांच्या आसपास सुरू करा.

एका ताटात गोल आणि चौकोन ठेवा. ताट मुलापासून एका पावलावर. जोडीतला दुसरा गोल तुमच्या हातात. तो मुलाला दाखवा, हातात द्या, कडेवरून बोट फिरवू द्या. ‘हा बघ. यासारखा आण.’ मग तुमचा नग फडक्याखाली झाका आणि मुलाला जाऊ द्या. आणल्यावर फडकं काढून दोन्ही नग शेजारी ठेवा. बरोबर की चूक हे मुलाला स्वतःलाच दिसतं, आपण बोलायची गरज पडत नाही. जुळले नाहीत तर ‘हा वेगळा आहे. परत बघूया’ एवढंच.

अंतर वाढवत न्या: एक पाऊल, तीन पावलं, खोलीचं दुसरं टोक, मग बाजूची खोली. वाटेत मांजर, उघडा दरवाजा, आजोबांची काठी, काहीही मुलाला ओढून नेऊ शकतं. मूल रिकाम्या हाताने परत आलं किंवा भलतंच काही घेऊन आलं तर समजा की अंतर जास्त झालं. मागून ‘अरे, गोल आण म्हटलं ना!’ असं ओरडलं की आठवण्याचं काम आपणच करून टाकलं. त्याऐवजी ते परत आल्यावर नमुना पुन्हा दाखवा आणि ताट जवळ आणा.

सुरुवातीला आकाराचं नाव न घेता फक्त दाखवून खेळा. दुसऱ्या आठवड्यात न दाखवता फक्त नाव सांगा: ‘त्रिकोण आण.’ पहिल्यात चित्र धरून ठेवायचं असतं, दुसऱ्यात शब्द. काही मुलांना एक सोपं जातं, काहींना दुसरं. दोन्ही आलटून पालटून खेळावं.

खेळ ४: रिकामा कोणता?

दोन वर्षांच्या मुलांची ही स्मृती तपासायला मानसशास्त्रज्ञ आठ वेगवेगळी भांडी घेतात, त्यांतल्या सहांत स्टिकर लपवतात आणि प्रत्येक शोधानंतर भांडी झाकून, फिरवून पुन्हा समोर आणतात. घरी चार भांडी आणि तीन नग पुरेत. भांडी मात्र दिसायला वेगवेगळी हवीत: स्टीलचा वाडगा, प्लॅस्टिकचा डबा, पितळी पातेलं, वेताची परडी. तिघांत नग लपवताना मुलाला दाखवा. सगळ्यांवर ओढणी टाका, ५ सेकंदांनी काढा आणि एकच भांडं उघडायला सांगा. सापडलेला नग मुलाचा. भांडं तिथेच रिकामं ठेवून पुन्हा ओढणी.

रिकाम्या केलेल्या भांड्यात मूल परत किती वेळा हात घालतं, हे इथे बघायचं. सुरुवातीला घालणारच, त्यातून नग मिळाला होता ना! हळूहळू ते कमी होतं.

खेळ ५ आणि ६

‘काय गेलं?’ अडीच वर्षांच्या पुढे. दोन नग मांडा, रुमाल टाका, एक काढून घ्या. बोलता न येणाऱ्या मुलाला जोडीच्या नगांकडे बोट दाखवू द्या. दोन जमले की तीन. तीनच्या पुढे ३ वर्षांपर्यंत जाऊ नका.

रांग: गोल आणि चौकोन शेजारी मांडा, मुलाला दाखवा, झाका, त्याला आपल्या नगांतून तशीच रांग लावू द्या. नग बरोबर पण क्रम उलटा आला तर तेही अर्धं यश आहे. आधी ‘काय’ येतं, मग ‘कुठे’.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात मोठी चूक मोठ्यांच्या डोळ्यांची. आपण नकळत बरोबर वाडग्याकडे बघतो आणि दीड-दोन वर्षांची मुलं नजर वाचण्यात पटाईत असतात. विचारताना मुलाच्या कपाळाकडे बघा. घरात दोन माणसं असतील तर लपवणाऱ्याने खाली मान घालावी आणि दुसऱ्या, पाठ फिरवून बसलेल्या माणसाने ‘गोल कुठे?’ विचारावं.

एकदम दोन गोष्टी अवघड करू नका. वेळ, वाडग्यांची संख्या, अंतर, व्यत्यय: एका वेळी यांतली एकच वाढवायची आणि ती वाढवताना बाकीच्या एक पायरी खाली आणायच्या. ‘कालपर्यंत येत होतं, आज मुद्दाम करत नाहीये’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा आदल्या दिवशी दोन गोष्टी एकदम वाढवलेल्या असतात. नाहीतर झोप झालेली नसते किंवा पोटात भूक असते.

टीव्ही बंद. मूल बघत नसलं तरी बंद. मागे टीव्ही नुसता चालू असला तरी १ ते ३ वर्षांची मुलं खेळण्यांशी कमी वेळ आणि तुटक खेळतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मोबाइलवरचे आकार जुळवायचे खेळही या वयात नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार १ वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांसाठी दिवसाला १ तासाच्या आत, जितकी कमी तितकी चांगली.

एका बैठकीला पाच मिनिटं, चार ते सहा डाव. दिवसातून फार तर दोनदा. मूल ‘अजून’ म्हणत असतानाच वाडगे उचलून ठेवा. उठून गेलं तर जाऊ द्या. कौतुक करताना ‘हुश्शार गं माझी बाय ती!’ यापेक्षा ‘हो, तिथेच होता! आठवलं तुला’ हे जास्त कामाचं, कारण नेमकं काय जमलं ते त्यात येतं.

खरंच जमतंय का, हे कसं ओळखायचं

दोन वाडग्यांत डोळे मिटून निवडलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. पाचपैकी चार किंवा पाच वेळा निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ३२मध्ये ६, म्हणजे शंभरात जवळपास १९. म्हणून दोन वाडग्यांवर एका दिवसाच्या यशाला भुलू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी पाचपैकी चार आले तर पुढे जा. तीन वाडग्यांत हीच शक्यता शंभरात ५च्या आत येते, तिथे दोन दिवस पुरेत. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत एवढंच लिहा: ‘२ वा., ५ से., ४/५’, म्हणजे दोन वाडगे, पाच सेकंद, पाचपैकी चार. पाचपैकी दोनच येत असतील तर एक पायरी मागे या.

एवढ्यातेवढ्या चुकांनी घाबरून जाऊ नका, या वयात आज येणं आणि उद्या न येणं चालायचंच. पण दीड वर्षाचं मूल डोळ्यांदेखत फडक्याखाली ठेवलेली वस्तू शोधतच नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरत चाललं असेल, तर खेळ बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगा; पुष्कळदा अडचण तिथेच असते.

पाटीबाहेर

या खेळांनी बुद्धी वाढते, पुढे गणित सोपं जातं, असं लिहिलेली खोकी दुकानात खूप मिळतील. २०१३मध्ये मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम या संशोधकांनी वर्किंग मेमरी वाढवणाऱ्या प्रशिक्षणांवरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. जे करून घेतलं त्याच्याशी मिळतीजुळती कामं काही काळ सुधारली. वाचन, गणित अशा लांबच्या गोष्टींत तो फायदा पोचला नाही. ते अभ्यास मोठ्या मुलांवर आणि प्रौढांवर, बहुतेक संगणकावरच्या सरावाचे होते, तरी त्यांतून घ्यायचं ते इतकंच: एकच खेळ महिनोन्‌महिने घोटून मूल त्या खेळात तरबेज होईल. म्हणून तोच धागा दिवसभरातल्या निरनिराळ्या कामांत ओवायला हवा.

त्यासाठी आपलं स्वयंपाकघर फार सोयीचं आहे. पोळी गोल, तिची घडी त्रिकोणी, बर्फी चौकोनी, शंकरपाळ्याचा आकार तिरका, करंजी अर्धा चंद्र. कणकेचा एक त्रिकोण करून दाखवा, मुठीत झाका आणि मुलाला त्याच्या गोळ्यातून तसाच करायला सांगा. पोळपाटापासून डब्यापर्यंत जाऊन ‘गोल झाकण आण’. धुतलेले कपडे घडी घालताना ‘बाबांचा चौकोनी रुमाल आजीला दे’. अडीच वर्षांच्या मुलाला एका दमात दोन कामं सांगा: ‘वाटी आण आणि चमचा आण.’ दुसरं विसरलं तर ‘आणखी काय आणायचं होतं?’ असं विचारून चारपाच सेकंद खरोखर थांबा. आपल्यालाच तो शांत वेळ सहन होत नाही आणि आपण उत्तर देऊन टाकतो.

यासाठी महागडं सामान लागतं असा समज बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांमध्ये केव्हाच मोडून काढला होता. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी पानं, फुलं, बिया, शंखशिंपले, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. तीन वर्षांखालच्या मुलांना बिया आणि खडे नकोत, पण पानं खुशाल चालतील: पिंपळाचं, आंब्याचं, वडाचं. आकारात इतका फरक की ‘यासारखं आण’ हा खेळ अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत तसाच्या तसा खेळता येतो. कण्हेर आणि रुई मात्र टाळा, त्यांचा चीक विषारी असतो.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास कधीतरी मूल वाडगे स्वतःकडे ओढून घेईल आणि म्हणेल, ‘आता मी लपवतो, तू शोध.’ लपवू द्या. कुठे लपवलं ते लक्षात ठेवायचं, तुम्ही चुकीचा वाडगा उचललात तर ओळखायचं, सांगून टाकायचा मोह आवरायचा, हे सगळं त्याला एकदम करावं लागतं. अधूनमधून मुद्दाम चुका आणि वाट बघा. बहुतेक मुलं पहिले काही दिवस उत्तर लगेच फोडतात: ‘इथे नाही, तिथे आहे!’ ज्या दिवशी ते ओठ दाबून हसत गप्प बसेल, त्या दिवशी चौथा वाडगा काढा.